हातगुण

तिसरीच्या बाईंना जगात एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे आपलं बरोबर असणं. त्याखालोखाल झाडं. मुलांचा नंबर कितवा, हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही, म्हणून निदान तेवढं एक खोटं बोलायचं त्यांचं वाचलं.

झाडांचं मात्र खरं होतं. घरच्या हातभर गॅलरीत त्यांनी सव्वीस कुंड्या जगवल्या होत्या. शेजारणी आपली मरायला टेकलेली रोपं त्यांच्याकडे आणून टाकायच्या आणि महिन्याभरानं टवटवीत झालेली घेऊन जायच्या. "तुमचा हातगुणच वेगळा," असं कुणी म्हटलं की बाई म्हणायच्या, "हातगुण कसला, शिस्त लागते." पण ते ऐकायला त्या दोन मिनिटं जास्तच दारात उभ्या राहायच्या.

शाळेत मात्र सहा वर्षं झाली तरी त्या तात्पुरत्याच होत्या. शाळा सुरू झाली की हातात पत्र, शाळा संपली की हातात नारळ. या वर्षी एक जागा कायमची भरायची होती, आणि वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी पर्यवेक्षक साहेब स्वतः येऊन एकेक वर्ग बघणार होते. गाण्याच्या बाई मुलांकडून समूहगीत घोटून घेत होत्या. चौथीचे सर पुठ्ठ्याचा ज्वालामुखी करत होते. दर वर्षी तोच ज्वालामुखी, फक्त धूर नवा. आमच्या बाईंनी ठरवलं, आपण बाग करायची. डब्यांतली बाग.

वर्गाबाहेर लांबलचक व्हरांडा होता. तिथं सकाळी दहापासून दुपारपर्यंत चांगलं ऊन यायचं. प्रत्येक मुलानं घरून एक डबा आणायचा. तेलाचा, रंगाचा, कडी तुटलेली बादली, काहीही चालेल. त्यात टोमॅटोचं एक कळ्या धरलेलं रोप. व्हरांड्याच्या कठड्यावर मोठ्या अक्षरांत फलक लागला: 'एकेचाळीस मुलं, एकेचाळीस झाडं.' हा फलक बाईंनी रोपं आणायच्या आधीच रंगवून घेतला होता.

शनिवारी शिपाईकाका व्हरांड्यात फतकल मारून बसले आणि हातोड्या-खिळ्यानं एकेका डब्याच्या बुडाला चार-चार भोकं पाडत गेले. बाईंनी मुलांना भोवती बसवून समजावलं, "नुसतं पाणी घालून भागत नाही बरं का. जास्तीचं पाणी खालून निघून गेलं पाहिजे. नाहीतर मुळं गुदमरतात आणि कुजतात." मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे झाडालापण शू लागते!" आणि सगळा वर्ग हसून गडाबडा लोळायचा तेवढा राहिला. बाईसुद्धा हसल्या. हे इथंच सांगून ठेवलेलं बरं, की बाईंना हे माहीत होतं. त्या अख्ख्या शाळेत त्यांच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं.

रंगाऱ्याची मुलगी डबा घेऊन आली ती सोमवारी.

हजेरीत ही एकेचाळिसावी, उंचीनं सगळ्यांत बुटकी. तिचे बाबा घरं रंगवायचे. हातातलं काम रविवारी संपलं तेव्हा कुठं डबा रिकामा झाला. बापलेकींनी तो घासूनपुसून आतून स्वच्छ केला आणि बाहेरून निळा रंगवला, आणि त्या निळ्यावर मुलीनं उरल्यासुरल्या रंगांनी गोल फिरत जाणारी घरांची रांग काढली. एका घराच्या चार खिडक्या मोठ्या होत्या. एकीत आई, एकीत बाबा, एकीत दोन वेण्यांची ती स्वतः, आणि चौथीत नुसता एक ठिपका.

"हा ठिपका कोण?" बाईंनी विचारलं.

"ते बाळ आहे. अजून आलं नाही ना, म्हणून तोंड काढलं नाही." मग तिनं आवाज खाली आणून सांगितलं, "बाई, आई म्हणाली, आधी झाड नीट सांभाळून दाखव. मग बाळ तुझ्या हातात देईन."

"बरं बरं. बस जागेवर."

काका दाराशीच होते. त्यांनी डबा उलटा करून पाहिला. "बाई, ह्याला भोकं पाडायचीत. हातोडा आणू का?"

"आता तास चालू आहे काका, ठोकाठोक नको. माती भरून ठेवा, मधल्या सुट्टीत बघू."

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कसल्यातरी याद्या करायला बोलावलं. काकांना कुणीतरी टाकीवर पाठवलं. संध्याकाळपर्यंत एकेचाळिसाव्या डब्यात माती भरलेली होती, मातीत रोप लागलेलं होतं, आणि डब्याचं बूड गुळगुळीत होतं तसंच राहिलं.

आता बाईंची शिस्त कशी, तर प्रत्येक डब्याखाली प्लास्टिकची एक बशी. हजेरी झाली की मुलांनी रांगेनं जाऊन आपापल्या डब्यात एकेक मग पाणी घालायचं. थोड्या वेळानं बाई हातात पट्टी घेऊन निघायच्या आणि वाकून वाकून बश्या बघायच्या. बशीत पाणी उतरलेलं दिसलं की तक्त्यावर नावापुढे हिरवी खूण, बशी कोरडी दिसली की लाल फुली. "तुम्ही खोटं बोलाल," बाई म्हणायच्या, "बशी खोटं बोलत नाही." शिवाय पिवळं पडून गळलेलं प्रत्येक पान ज्याच्या त्याच्या नावापुढे चिकटपट्टीनं चिकटवायचं. पहिल्याच आठवड्यात तिसरीची मुलं आपल्या रोपांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागली. मोठ्या बाई येऊन बघून गेल्या आणि 'छान' म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून 'छान' निघणं काही सोपं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात चाळीस बश्या ओल्या आणि एक कोरडी, असं रोजच होऊ लागलं.

"पाणी घातलंस?"

"हो बाई."

"किती?"

"एक मग."

"मग गेलं कुठं? उडालं?"

वर्ग हसला. मुलगीही थोडी हसली, कारण बाई गंमत करताहेत असं तिला वाटलं. मग तक्त्यावर लाल फुली पडली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन मग घातले. बशी कोरडी. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या बाटलीतलं प्यायचं पाणीही घातलं आणि दिवसभर तशीच तहानलेली बसली. बशी कोरडीच. डबा खोल, म्हणून पाणी काठावरून सांडलं नाही, पण वर मात्र चिखल दिसत होता. बाईंनी तो पाहिला आणि त्याचा अर्थ त्यांना लगेच लागला. बरोबर असायची सवय असली की अर्थ फार पटकन लागतात.

"मी येताना दिसले की वरच्यावर ओततेस होय? म्हणजे खाली उतरायला वेळच नको. हुशार आहेस!"

"नाही बाई, खरंच सकाळी..."

"बशी बघ. बशी काय म्हणते?"

मुलीनं खाली वाकून बशी पाहिली. बशीत धूळ होती.

रोपाची खालची पानं पिवळी पडली, मग वरची. पानं मलूल होऊन लोंबायला लागली, आणि मलूल झाड दिसलं की लहान मूल दुसरं काय करणार, ते आणखी पाणी घालतं. एक, दोन, पाच करता करता तक्त्यावर तिच्या नावापुढे अकरा पानं लटकली. वर्गात तिचं नाव पिवळी पडलं. डब्याला वास यायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "खरकटं टाकतेस त्यात?" पहिल्या दिवशी बाईंनीच सगळ्यांना शिकवलं होतं, की शंका आली तर मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालून बघावं. रोज चाळीस डब्यांत त्या स्वतः बोट घालायच्या. एकेचाळिसाव्यात एकदाही घातलं नाही. तिथं शंका नव्हतीच.

शेवटी बाकावरच्या मैत्रिणीनं पिवळीला युक्ती सांगितली. "अगं, बशीतच ओत ना थेट. कोण बघतंय?"

पिवळीनं दोन दिवस मन घट्ट धरलं. तिसऱ्या दिवशी मग कलता केला आणि थोडंसं पाणी बशीत ओतलं, आणि मान वर केली तर समोर बाई.

बाईंनी मारलं नाही. त्या मारणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी मुलीला वर्गात नेऊन फळ्यासमोर उभं केलं.

"हात पुढे कर. असे नाही, उघडे. सगळ्यांनी बघा हे हात." मुलांनी बघितले. नखांत माती होती, एका बोटाला निळा रंग अजून चिकटलेला होता. "रोज मला सांगते, पाणी घातलं. आणि आज बशीत ओतताना सापडली. फसवणाऱ्या हातांनी झाडं जगत नाहीत. ते झाड तू मारलंस, ह्या हातांनी मारलंस." इतकंही पुरलं असतं. पण बाईंना आठवलं, आणि आठवलं ते त्यांनी बोलून टाकलं. "आणि हिच्या आईनं ह्या हातांत बाळ द्यायचं म्हणे!"

वर्ग यावेळी हसला नाही. बाईंना आपलं वाक्य परिणामकारक झालं असं वाटलं. आत कुठंतरी हलकंसं टोचलंही, पण तास संपायला दहाच मिनिटं होती आणि गुणाकार राहिला होता.

पुढचं काम मुलांनी केलं. मुलांना शिकवलेलं सगळंच वाया जातं असं नाही. मधल्या सुट्टीत नवा खेळ निघाला: पिवळीचा हात लागला की नळावर जाऊन तीनदा हात धुवायचे, नाहीतर आपलं झाड मरणार. कुणी तिला आपल्या डब्याजवळ फिरकू देईना. वह्या वाटायच्या झाल्या तर तिच्या हातून कुणी घेईना. पहिले दोन दिवस ती चिडली, रडली, एकाच्या मागे धावलीही. तिसऱ्या दिवसापासून तिनं दोन्ही हात पाठीमागे धरायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात तिच्या घरी बाळ आलं. ही गोष्ट तिनं वर्गात कुणालाच सांगितली नाही. तिच्या बाबांनी फाटकाशी काकांना सांगितली, काकांनी बाईंना सांगितली, आणि बाई "हो का? छान," म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मुलं घरी गेल्यावर बाई आणि काका डबे पायऱ्यांवर मांडायला लागले. लहान पुढे, मोठे मागे, मधे मधे बादल्या. लालबुंद टोमॅटोंनी व्हरांडा खरोखर सुरेख दिसत होता. राहिला निळा डबा. त्यात काळी पडलेली एक काडी उभी होती.

"हा काढूनच टाका," बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांना फलक आठवला. "नको, थांबा. रिकामा करा. मी घरून एक रोप आणते."

काकांनी डबा उचलायला हात घातला आणि "अगं आई ग!" करून खाली ठेवला. त्या आकाराच्या डब्याला इतकं वजन असायचं कारण नव्हतं. त्यांनी तो कलता केला. काठावरून काळं पाणी बदाबदा बाहेर पडलं आणि सगळ्या व्हरांड्यात कुजका वास पसरला. पाणी संपता संपेना. मग चिखल आला, त्याच्याबरोबर काळी, गिळगिळीत मुळं आली. काकांनी डबा उलटा केला. बूड लखलखलं.

"बाई," काका म्हणाले, "ह्याला भोकंच नाहीत."

बाईंनी वाकून बूड बोटानं चाचपून पाहिलं.

"हा सोमवारी आलेला. मी विचारलं होतं, हातोडा आणू का. तुम्ही म्हणालात..."

"आठवतंय मला."

खरंच सगळं आठवलं, अगदी ठिपक्यासकट. बाईंच्या काळजात चर्र झालं. झालं नाही असं म्हणून त्यांच्यावर अन्याय करायला नको. रोज 'हो बाई' म्हणणारं ते पोर, धुळीची बशी, फळ्यासमोरचे ते उघडे हात, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्या पायरीवर बसल्या. काकांना वाटलं, बाई आता रडतात. पण त्या उठल्या आणि म्हणाल्या, "काका, हातोडा आणा."

काकांनी चार भोकं पाडली. बाई रिक्षा करून घरी गेल्या आणि गॅलरीतलं आपलं सगळ्यांत लाडकं झाड मुळांच्या गोळ्यासकट घेऊन आल्या. चार पिकलेले टोमॅटो आणि वर फुलंही. ते निळ्या डब्यात लावलं. तक्ताही नवा करून लावला. त्यावर ना लाल फुल्या होत्या, ना पानं.

"पोरीला तेवढं सांगा बाई," काका जाताना म्हणाले. "तिची काही चूक नव्हती."

"सांगणारच आहे. उद्याचं एकदा होऊन जाऊ दे."

त्या क्षणी त्यांना खरंच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. ज्वालामुखीपाशी खोकले, समूहगीताला मान डोलावली आणि व्हरांड्यात येऊन उभे राहिले ते राहिलेच. सगळे डबे सोडून त्यांची नजर गेली निळ्यावर.

"वा! हा इतका सुंदर कुणी रंगवलाय?"

"पिवळीनं!" चार-पाच जण एकदम ओरडले आणि तिला पुढे ढकललं. ती हात पाठीमागे धरून उभी राहिली. डब्यातल्या झाडाकडे तिनं पाहिलं, तोंड अर्धवट उघडलं आणि तसंच राहिलं.

"हे तू वाढवलंस?" साहेबांनी वाकून विचारलं.

"नाही. माझं मेलं. मी मारलं. हे कुठलंय ते मला माहीत नाही."

मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या. साहेब सरळ झाले. आमच्या बाई घाबरल्या, आणि त्या भीतीतूनच त्यांना ते सुचलं. इतकं गुळगुळीत सुचलं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मुलं भोळी असतात साहेब. मेलं नव्हतं, मरायला टेकलं होतं. हिच्याकडून जरा हयगय झाली. मग मी ते हाती घेतलं, रोज शाळा सुटल्यावर एक तास. तेच झाड आहे हे." आणि मुलीकडे वळून, अगदी मायेनं, "हो ना ग?"

काळ्या काडीला चार टोमॅटो लागत नाहीत, हे कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. पण साहेबांनी जन्मभर फक्त कागद वाढवले होते. काका चहाचा ट्रे धरून मूग गिळून उभे होते. मुलीनं झाड बघितलं, आपली घरं बघितली, ठिपक्याची खिडकी बघितली. मग बाईंचं तोंड बघितलं. बाई खोटं बोलतील, ही शक्यता आठ वर्षांच्या डोक्यात मावणारी नव्हती. तिच्यापुढे दुसरंच काहीतरी उलगडलं. म्हणजे झाड जगणारं होतं. फक्त तिच्या हातात जगणारं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"मेलेलं झाड जिवंत केलंत तुम्ही!" साहेब म्हणाले. "असे शिक्षक पाहिजेत." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. गाण्याच्या बाईंचा चेहरा पडला. त्या दुपारी बाईंनी मुलांना स्वतःच्या हातानं खाऊ वाटला. पिवळीच्या वाट्याचा खाऊ बाकावर ठेवावा लागला, कारण तिनं हात पुढे केलेच नाहीत. तिला आता सांगता येणार नाही, हे बाईंना तेव्हा कळलं. आधी नुसती चूक सांगायची होती. आता साहेबांसमोरचं खोटंही सांगावं लागलं असतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. कायम. मोठ्या बाईंनी ते आपल्या खोलीत बोलावून बाईंच्या हातात दिलं, आणि बाई ते दुसऱ्यांदा वाचत असतानाच काकांनी दारातून सांगितलं, "रंगाऱ्याच्या घरनं आल्यात. बाईंना भेटायचंय म्हणतात."

आई आत आली. बाळंतपणानं उतरलेलं अंग अजून भरून आलं नव्हतं, डोळ्यांखाली काळं होतं, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मागे दारात मुलगी.

"बसा ना," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बसत नाही बाई, पटकन सांगते. ही पोरगी बाळाला हात लावत नाही हो." आईनं मागे वळून दाराकडे बोट केलं. "नऊ महिने नुसतं बाळ बाळ करत होती. आता मी म्हटलं, पाच मिनिटं धर, मी आंघोळ करून येते, तर भिंतीला चिकटून उभी राहते. परवा बाळ पलंगाच्या कडेला सरकलं, ही समोर उभी. 'आई, आई' ओरडत राहिली, पण हात म्हणून पुढे केला नाही. मी धावत आले म्हणून... विचारलं तर म्हणते, माझ्या हातातलं मरतं. बाई, तुम्ही सांगा तिला. आमचं काही ऐकत नाही, तुमचं ऐकते. तुम्ही म्हणाल ते तिला खरं वाटतं."

खोलीत सगळे बाईंकडे बघू लागले. मोठ्या बाई कौतुकानं, आई आशेनं, आणि दारातून काका. काकांच्या नजरेत काय होतं ते बाईंनी बघितलं नाही. हातातलं पत्र त्यांनी घडी करून पदराआड धरलं.

एक वाक्य होतं. भोकं पाडायची माझ्याकडून राहिली. चारच शब्द. बाईंनी मुलीला जवळ बोलावलं, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ बाळा, झाड वाळलं त्यात तुझा काही दोष नव्हता."

मुलीनं मान वर केली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर थोडा उजेड आला.

"मग कुणाचा होता, बाई?"

काका दारात खाकरले. "बाई..."

"काका," बाई वळून न बघता म्हणाल्या, "घंटेची वेळ झाली ना?"

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांचीही नोकरी होती. मग त्यांच्या वहाणांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला.

"कुणाचाच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे, झाडाचाच. रोपच कमजोर होतं ग ते."

मुलीनं यावर विचार केला. ती हुशार होती. बाईंनी वेळेवर पाहिलं असतं तर त्यांनाही ते कळलं असतं.

"पण तेच झाड तुमच्याकडे जगलं ना?"

जे एक उत्तर होतं ते पदराआडच्या पत्राच्या आड येत होतं. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. आईनं ते मुलीपुढे धरलं. "घे. बाई सांगतायत ना? घे बघू, काही होत नाही." मुलगी एक पाऊल मागे गेली. हात आणखी मागे गेले, एकमेकांत घट्ट अडकले. बाळ लालेलाल होऊन किंचाळायला लागलं, तेव्हा काहीतरी करायला पाहिजे म्हणून बाईंनी उठून बाळ घेतलं, खांद्यावर टाकलं आणि पाठीवरून हात फिरवला.

बाळ गप्प झालं. दोन उसासे टाकले आणि डोळे मिटले.

"बघा!" मोठ्या बाई म्हणाल्या. "मी सांगते ना, ह्यांचा हातगुणच तसा आहे."

"आहेच बाई," आई डोळे पुसत म्हणाली. "हिनं घरी सांगितलं होतं, मेलेलं झाड जगवलं म्हणून."

मुलगी बाळाकडे बघत होती. त्याची छाती वरखाली होते की नाही हे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिची खात्री पटली. ती पुढे आली, बाळापासून हातभर अंतरावर थांबली आणि हळूच, आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलायला गेली, पण सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"बाई, ह्याला तुमच्याकडेच ठेवा ना. झाडासारखं."

आई हसली, मोठ्या बाई तर खूपच हसल्या. बाईही हसल्या, कारण न हसून चालण्यासारखं नव्हतं. मुलगी हसली नाही. तिनं खरंच विचारलं होतं, आणि दोन्ही हात पाठीमागे धरून ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.